तिसरा रकाना

देऱ्यात, खाडीच्या कडेला, माझं टायपिंग सेंटर.
पाटीवर अजून फॅक्स लिहिलेलं आहे.
समोर लाकडी गलबतं, त्यांवर टायर, फ्रिज, तांदळाची पोती,
एकदा तर सोफा समजून मी ज्याच्याकडे पाहत होते
तो पाय दुमडून बसलेला उंट निघाला.
मी कस्टम्सचे फॉर्म भरते.
इंग्रजी दहा बोटांनी, अरबी एका.
फॉर्ममागे पंधरा दिरहम.

ज्या दिवशी त्या देशानं व्यापारसंघ सोडला
त्या दिवशी पहिल्यांदा कुंजप्पूच्या टपरीवरचा बाक मोडला.
म्हणजे लाकूड शाबूत होतं.
सरगुरोह उठून गेले, एवढंच.

अठ्ठावीस वर्षं बसत होते दोघं:
श्रीवर्धनचे सरगुरोह, सुकी मासळी, आमसुलं,
आणि टोमॅटोवाला अबू नव्वाफ, त्याच देशाचा.
तो म्हणाला, दुसऱ्याला विचारून शिंकायचे दिवस संपले.
हे म्हणाले, मांडा वेगळी चूल,
पण सरपण कुठल्या रानातलं, तेही सांगा.
चहा तसाच राहिला. वर साय धरली.

मग सगळा धक्काच बोलायला लागला.
मांडवीचा नाखवा म्हणे भाव चढणार,
बंदर अब्बासचा म्हणे पडणार,
बँकेतला टायवाला म्हणे, दोन्ही, पण आधी कोणतं ते विचारू नका.
न्हावी गळ्यावर वस्तरा टेकवून मत विचारायचा,
त्याच्याशी सगळ्यांचं एकमत झालं.
रेडिओवर एका तज्ज्ञानं आकडे सांगितले,
दुसऱ्यानं तेच आकडे, रागानं.

मला कोणी विचारलं नाही.
माझ्या डोक्यात चाळीस रिमं होती,
छापून आलेली, पैसे चुकते केलेली,
तिसऱ्या रकान्यात: सदस्य देश, होय / नाही.

पहाटे बख्त जमानचा फोन.
अबू नव्वाफचे नऊ टन टोमॅटो घेऊन
तिकडची चौकी ओलांडून आला होता तो,
इकडच्या चौकीवर पोचला बारा वाजून दहा मिनिटांनी.
बाजी, तुम्ही होयवर खूण केलीय,
साहेब म्हणतो आता नाही.
मी म्हटलं, भरलं तेव्हा होय होतं.
मीही तेच सांगितलं, बाजी.
तो म्हणाला, मग तेव्हाकडे परत जा.

मागे जायला तिकडचा शिक्का लागतो, पुढे यायला इकडचा.
मधे सव्वा किलोमीटर वाळू आणि एकतीस ट्रक.

तिसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला.
तीन दगड, वर रंगाचा रिकामा डबा घासून,
त्यात त्याचे टोमॅटो, कुणाच्या ट्रकमधली अंडी,
कुणाचा कांदा, मीठ एका सीरियनाचं,
आणि भोवती उकिडवी बसलेली माणसं, सावली ट्रकची.

अबू नव्वाफ दुकानात आला. बघितलंस? म्हणाला,
काही अडत नाही कुणाचं.
तासाभरानं सरगुरोह. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
बघ काय दशा केली माणसांची, म्हणाले.
दोघांनीही फोटो मागून घेतला.
दोघांनीही तो दिवसभर धक्क्यावर दाखवला.
बाकावर आता कुंजप्पू सिलिंडर ठेवतो.

पाचव्या दिवशी ट्रक सुटले.
टोमॅटोंचं काय झालं ते वासानं आधीच कळवलं होतं.
भरपाई कोणी द्यायची यावर अजून दोन मतं आहेत,
माझं धरून तीन.

जुनी रिमं मी कुंजप्पूला दिली.
तो त्यांत केळ्याची भजी बांधतो,
तेल आधी होयपर्यंत पोचतं, मग नाहीपर्यंत,
आणि मग कागदाच्या आरपार दिसायला लागतं.

बख्त जमानचा नवा फॉर्म मी फुकट भरला.
त्यात तिसरा रकाना नाही, तिथे नुसती जागा आहे.
बोट सवयीनं तिथे थांबतं.
तो काउंटरवर कोपर टेकून विचारतो,
काय झालं, बाजी?
काही नाही, मी म्हणते. नाव सांग. पूर्ण नाव.